पदवी आहे, पण वेब कंपनीत नोकरी नाही? विट्यात राहून करता येणारं प्रॅक्टिकल ट्रेनिंग

इंजिनिअरिंग, बीसीए किंवा बीएस्सी कॉम्प्युटर झालंय, मार्कही बरे आहेत, तरी इंटरव्ह्यूत गाडी अडते. असं तुमचंही होतंय का? माझं झालं होतं. मी विट्याचा, घरात यंत्रमाग. पुण्यातल्या पहिल्याच इंटरव्ह्यूत समोरच्यांनी लॅपटॉप दिला आणि म्हणाले, "या प्रोजेक्टमध्ये एक बग आहे. वेगळी ब्रँच काढा, दुरुस्त करा आणि पुल रिक्वेस्ट पाठवा." मला चार प्रोग्रॅमिंग भाषांच्या व्याख्या पाठ होत्या, पण ब्रँच कशी काढतात ते माहीत नव्हतं. अर्धा तास नुसता स्क्रीनकडे बघत बसलो.

त्यानंतर घाबरून मी 'नोकरीची हमी' देणाऱ्या एका क्लासला पंधरा हजार रुपये ॲडव्हान्स भरले. ते पैसे परत आले नाहीत. म्हणून या लेखात आपण पाहणार आहोत की प्रॅक्टिकल ट्रेनिंग म्हणजे नेमकं काय, ते कमी खर्चात कसं करायचं आणि कुठे सावध राहायचं.

प्रॅक्टिकल ट्रेनिंग म्हणजे नक्की काय?

आपल्या खानापूर-आटपाडी भागातली माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. त्यातले बहुतेक जण हा धंदा पुस्तकातून शिकले नाहीत. पोरगा नातेवाइकाच्या दुकानात जायचा, आधी झाडलोट, मग भट्टी, मग हळूहळू खरा माल हातात. चूक झाली तर शेजारी उभा असलेला माणूस तिथल्या तिथे सांगायचा.

वेब डेव्हलपमेंटचंही तसंच आहे. ट्रेनिंगमध्ये तीन गोष्टी असतील तरच ते प्रॅक्टिकल:

१. खरं काम, म्हणजे ज्याचा कुणीतरी खरोखर वापर करणार आहे.
२. तुमचा कोड वाचून चुका दाखवणारा माणूस.
३. काम पूर्ण करून इंटरनेटवर चालू करणं.

यातली एखादी गोष्ट नसेल तर सर्टिफिकेट मिळेल, पण हात बसणार नाही.

कंपनीत रोज लागणाऱ्या गोष्टी

गिट: कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर. लिनक्सवाल्या लिनस टोरवाल्ड्सने ते २००५ मध्ये बनवलं. क्लोन, ब्रँच, कमिट, पुश आणि मर्ज या पाच गोष्टी जमल्या की सुरुवातीचं बरंच काम भागतं.

पुल रिक्वेस्ट: "मी हा बदल केलाय, तपासून मुख्य कोडमध्ये घ्या" अशी विनंती. गिटहबसारख्या साइटवर ती पाठवतात आणि सिनिअर तिथेच शेरे लिहितात.

डीबगिंग: चूक शोधणं. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधले कन्सोल आणि नेटवर्क हे दोन भाग आधी शिका. ४०४ म्हणजे पान सापडलं नाही, ५०० म्हणजे सर्व्हरवर गडबड. एवढं कळलं तरी कुठे शोधायचं ते समजतं.

डिप्लॉयमेंट: तुमच्या कॉम्प्युटरवर चालणारी साइट सगळ्यांना दिसेल अशी चढवणं. साध्या साइटसाठी गिटहब पेजेस मोफत आहे.

वेग: गूगलच्या निकषानुसार पानावरचा सगळ्यात मोठा भाग २.५ सेकंदांच्या आत दिसायला हवा. क्रोममधलं लाइटहाउस हे टूल हा वेग मोजून देतं.

माझा पहिला खरा प्रोजेक्ट

आमच्या शेजारच्या तात्यांचे माग आहेत. त्यांच्या कापडाचे नमुने दाखवणारी एक छोटी साइट मी बनवायला घेतली. मोबाईलने काढलेले चाळीस फोटो तसेच्या तसे चढवले, एकेक फोटो चार एमबीचा! तात्यांनी स्टँडवर उभं राहून साइट उघडली आणि मला फोन केला, "आरं, फोटू दिसायच्या आत गिऱ्हाईक पळून जाईल की!"

मग मी फोटोंचा आकार कमी केला, ते वेबपी फॉरमॅटमध्ये बदलले आणि खाली स्क्रोल केल्यावरच पुढचे फोटो लोड होतील अशी सोय केली. कॉलेजच्या चार वर्षांत वेग हा विषय मला जेवढा कळला नव्हता, तेवढा त्या एका फोनने कळला.

दुसरी अडचण मराठीची. तात्यांनी दिलेला मजकूर डीटीपीवाल्याने जुन्या फॉन्टमध्ये टाइप केला होता. छापताना तो ठीक दिसायचा, वेबवर नुसती चित्रविचित्र अक्षरं. कारण ते युनिकोड नव्हतं. आपल्या भागात काम करताना हा प्रश्न हमखास येतो. मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि पानाची भाषा मराठी आहे हे एचटीएमएलमध्ये नोंदवा.

माझ्या वर्गातली एक मैत्रीण पुण्यात नोकरीला होती. तिला मी प्रत्येक बदलाची पुल रिक्वेस्ट पाठवायचो. पहिल्याच वेळी तिने अकरा शेरे मारले. राग आला होता, पण पुढच्या इंटरव्ह्यूत मला त्याच अकरा गोष्टी बोलता आल्या. नोकरी लागली ती तिसऱ्या इंटरव्ह्यूत.

१२ आठवड्यांचा आराखडा

आठवडा १ ते ३: एचटीएमएल, सीएसएस आणि मोबाईलवर नीट दिसणारं पान. गिट पहिल्या दिवसापासून वापरा.

आठवडा ४ ते ६: जावास्क्रिप्ट. फॉर्म तपासणं, बाहेरून डेटा आणून दाखवणं.

आठवडा ७ ते १०: ओळखीच्या एका माणसासाठी खरी साइट. दुकान, वाचनालय, गावचं मंडळ, काहीही चालेल. आठवड्यातून एकदा कुणाकडून तरी कोड तपासून घ्या.

आठवडा ११ आणि १२: साइट लाइव्ह करा, वापरणाऱ्याच्या तक्रारी दुरुस्त करा आणि काय चुकलं, कसं सोडवलं ते एका पानात लिहा. हे पान इंटरव्ह्यूत फार कामाला येतं.

शिकण्यासाठी मोझिलाचं एमडीएन आणि फ्रीकोडकॅम्प दोन्ही मोफत आहेत. इंग्रजी जड जात असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात अनेक विषयांचे छोटे व्हिडिओ मराठी आवाजातही मिळतात.

लॅपटॉप नाही, फक्त मोबाईल आहे. जमेल का?

सुरुवात जमेल. गिटहबची साइट मोबाईलच्या ब्राउझरमध्ये उघडून फाइल बदलता येते, कमिट करता येतं, पुल रिक्वेस्टही पाठवता येते. शिवाय साइट तपासायला स्वस्तातला मोबाईल उत्तमच, कारण गिऱ्हाईक तोच वापरतं. पण जावास्क्रिप्टपासून पुढे कीबोर्ड आणि मोठा स्क्रीन लागतोच. कॉलेजची लॅब संध्याकाळी वापरायला मिळते का ते विचारा, किंवा दोघा-तिघांत मिळून एक जुना लॅपटॉप घ्या.

शिकताना पैसे मिळतात का?

हो. ॲप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे. केंद्राच्या 'नॅट्स' योजनेत पदवीधर आणि डिप्लोमाधारकांना कंपनीत स्टायपेंडवर प्रशिक्षण मिळतं. २०१९ च्या नियमांत पदवीधरांसाठी किमान ९,००० आणि डिप्लोमासाठी ८,००० रुपये महिना ठरले होते. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आणली. त्यात सुरुवातीला सहा महिन्यांसाठी पदवीधरांना महिना १०,००० रुपये विद्यावेतन ठेवलं होतं. रकमा आणि अटी बदलत असतात, त्यामुळे अर्ज करण्याआधी सरकारी पोर्टलवर ताजी माहिती पाहाच.

एक लक्षात ठेवा: स्टायपेंडपेक्षा काम कोणतं मिळणार ते आधी विचारा. वर्षभर नुसती डेटा एंट्री केली तर वेब डेव्हलपर होता येत नाही.

क्लासची फी भरण्याआधी हे प्रश्न विचारा

- कोड कोण तपासणार आणि आठवड्यातून किती वेळा?
- मागच्या बॅचच्या मुलांच्या लाइव्ह साइट दाखवाल का?
- त्यातल्या दोघांशी मला बोलता येईल का?
- हमी देताय ती लेखी आहे का? फी परत कधी आणि कशी मिळणार?

उत्तर देताना "आज भरलं तरच सूट" असं कुणी म्हणालं, तर सरळ उठून या. आणि नोकरी किंवा इंटर्नशिप देतो म्हणून डिपॉझिट मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. कंपनी कामाचे पैसे देते, घेत नाही.

माझे पंधरा हजार गेले ते हे चार प्रश्न न विचारल्यामुळे. तात्यांची साइट मात्र फुकटात झाली, आणि नोकरीच्या अर्जात मी सगळ्यात वर तिचीच लिंक दिली होती. तुमच्या गल्लीतही असे एखादे तात्या असतीलच. आज संध्याकाळी त्यांच्याकडे जा आणि विचारा, "तुमची साइट बनवू का?"