नाण्यांची मोजणी : खाचांच्या फळीपासून यंत्रापर्यंत

जोयडा तालुक्याच्या पश्चिम सीमेवर, सह्याद्रीच्या माथ्याशी कॅसल रॉक हे छोटेसे रेल्वे स्थानक आहे. मुरगावहून घाट चढून आलेला लोहमार्ग १८८८ साली येथे पोहोचला, तेव्हा हे स्थानक दोन राज्यांची सरहद्द होते. पूर्वेस मुंबई इलाख्याच्या उत्तर कानडा जिल्ह्यातील सुपे प्रांत, तर पश्चिमेस पोर्तुगीज गोवा. जकातीची तपासणी येथेच होत असे. अशा जागी दोन राजसत्तांची नाणी एकाच गल्ल्यात येऊन पडावीत, हे स्वाभाविकच होते.

या नाण्यांत एक विलक्षण साम्य होते. इंग्रज व पोर्तुगीज सरकारांत १८७८ साली झालेल्या तहान्वये गोव्याचे चलन ब्रिटिश हिंदुस्थानच्या चलनाशी जुळवून घेण्यात आले. त्यानुसार १८८१ व १८८२ साली गोव्याचा चांदीचा रुपया कलकत्त्याच्या टांकसाळीत पाडला गेला. त्यावर पोर्तुगालचा राजा लुईश याचा मुखवटा होता. मात्र वजन आणि कस व्हिक्टोरिया राणीच्या रुपयाइतकेच होते. तराजूला हे दोन रुपये वेगळे ओळखता येत नसत आणि तशी गरजही नव्हती, कारण दोहोंचे मोल एकच होते. १८९२ च्या आरंभी हा तह संपुष्टात आला. तथापि नाणी मोजण्याच्या साधनांचा इतिहास समजून घेण्यास हा दाखला फार उपयोगी आहे.

नाणी मोजणाऱ्यापुढे नेहमी तीन प्रश्न असतात. हे नाणे कोणते? ते खरे आहे काय? आणि अशी किती आहेत? यंत्र खात्रीने उत्तर देते ते केवळ तिसऱ्या प्रश्नाचे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे ते टांकसाळीने घालून दिलेल्या शिस्तीच्या भरवशावर देत असते. ती शिस्त असेल तोवर यंत्र चालते. ती ढळली की माणसाच्या डोळ्यास पुन्हा पाचारण करावे लागते.

जुन्या काळी ही शिस्त नव्हती. पेशवाईच्या उत्तरार्धात आपल्या मुलखात अंकुशी, चांदवडी, शहापुरी, मल्हारशाही असे किती तरी प्रकारचे रुपये चालत. शहापुरी बेळगावलगतच्या शहापूरचा, मल्हारशाही बागलकोटचा. प्रत्येकाचा कस निराळा, झीज निराळी, म्हणून बट्टाही निराळा. अशा वेळी हजार रुपयांचा तोडा नुसता मोजून भागत नसे. तो पारखावा लागे. सराफ नाणे बोटावर तोली, फरशीवर वाजवी, छाप निरखी आणि मगच चळतीत ठेवी. सरकारी पोत्यावर, म्हणजे खजिन्यावर, हेच काम करणाऱ्याला पोतदार म्हणत. आज आडनाव म्हणून उरलेला हा शब्द एके काळी नाणी पारखण्याच्या यंत्राचेच काम करणाऱ्या माणसाचा हुद्दा होता.

तरीही एक साधे आणि अतिशय चतुर साधन त्या काळीही दक्षिणेत प्रचारात होते. पणम किंवा फनम हे सोन्याचे नाणे डाळीच्या दाण्याएवढे, अर्ध्या ग्रॅमहूनही हलके. कन्नड भाषेत पैशाला ‘हण’ म्हणतात, तो शब्द याच नाण्याचा. इतकी बारीक नाणी बोटाने एकेक उचलून मोजणे म्हणजे सत्त्वपरीक्षाच. त्यासाठी लाकडी फळीवर ओळीने ठरावीक संख्येच्या खाचा कोरीत. प्रत्येक खाचेत एकच नाणे मावे. मूठभर नाणी फळीवर ओतायची, फळी हलकेच हलवायची आणि वर उरलेली तळहाताने सारून टाकायची. सर्व खाचा भरल्या की मोजणी झाली. त्रावणकोरच्या राज्यात ‘चक्रम’ हे चांदीचे चिमुकले नाणे अशाच फळीवर मोजीत. या फळीचा खरा गुण वेगाहून मोठा आहे. देणारा आणि घेणारा दोघेही एकाच दृष्टिक्षेपात भरलेल्या खाचा पाहू शकतात. त्यामुळे वादास जागा उरत नाही.

पुढचा टप्पा तराजूचा. मुंबईची टांकसाळ १८२९ साली उभी राहिली आणि वाफेच्या शक्तीवर एकसारखी नाणी पडू लागली. १८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारच्या सर्व इलाख्यांत १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया ठरला. हेच तोळ्याचेही वजन, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम. ऐंशी तोळ्यांचा शेर आणि चाळीस शेरांचा मण या हिशेबाने एका पारड्यात शेरभर रुपये पडले की ते ऐंशी झाले, मणभर झाले की तीन हजार दोनशे. मोजणी आणि तोलणी एकरूप झाली. इंग्लंडात याच तत्त्वाला यंत्राचे रूप मिळाले. बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर विल्यम कॉटन यांनी १८४० च्या दशकात स्वयंचलित तराजू तयार केला. त्यात सोन्याची मोहर एकेक करून तोलली जाई आणि पूर्ण वजनाची एका पेटीत, झिजलेली दुसऱ्या पेटीत आपोआप पडे.

यानंतरची यंत्रे वजनाऐवजी रुंदी पाहू लागली. त्यांची रचना समजण्यास अवघड नाही. वरच्या नाळक्यात मिश्र चिल्लर ओततात. खाली फिरणारी तबकडी असते. तिच्या वेगाने नाणी कडेला फेकली जातात आणि एकामागून एक अशा ओळीत सरकू लागतात. त्या वाटेवर लहानाकडून मोठ्याकडे चढत जाणारी छिद्रे असतात. सर्वांत लहान नाणे पहिल्या छिद्रातून खाली पडते, त्याहून मोठे पुढच्या. पडता पडता प्रत्येक नाणे एक लहानशी तरफ ढकलते आणि आकडे दाखविणारे चाक एका घराने पुढे सरकते. शंभर झाले की अटकाव पडून वाट बंद होते. खाचांच्या फळीचेच हे फिरते रूप होय.

परंतु आपल्या देशातील नाणी या यंत्रासाठी घडलेली नव्हती. ती घडली होती बोटांसाठी. १९०७ पासूनचा एक आणा कातरकडांचा, १९१८ पासूनची दोन आणे किमतीची नाणी चौकोनी, १९१९ ची पावली अष्टकोनी. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धती आली, तेव्हाही हीच दृष्टी राहिली. दोन व दहा नये पैसे कातरकडांचे, पाच नये पैसे चौकोनी. १९६४ मध्ये तीन पैशांचे षट्‌कोनी नाणेही आले. अक्षरओळख नसलेल्या म्हातारीला किंवा गर्दीतल्या कंडक्टरला कातडी पिशवीत हात घालून, न पाहता हवे ते नाणे काढता यावे, यासाठी ही सोय उत्तम होती. मात्र चौकोनी नाणे तबकडीवर वळले की त्याची रुंदी बदलते आणि यंत्र गोंधळते. बोटाची सोय ती यंत्राची अडचण, असा हा पेच होता.

हा पेच पुढे उलट दिशेने वळला. नाणी गोल झाली, पोलादाची झाली आणि बहुतांशी एकमेकांसारखी झाली. १९९२ पासूनचा पोलादी रुपया २५ मिलीमीटर रुंद आणि ४.८५ ग्रॅम वजनाचा होता. २०११ च्या मालिकेतील दोन रुपयांचे नाणेही नेमके तितकेच रुंद, तितकेच जड आणि पोलादाचेच. २०१९ मध्ये दृष्टिहीनांच्या सोयीसाठी नवी मालिका निघाली, तीत पाच रुपयांचे नाणे २५ मिलीमीटरचे झाले. म्हणजे रुंदी पाहणाऱ्या यंत्राच्या एकाच छिद्रातून आज एक, दोन आणि पाच रुपये पडू शकतात. पाच रुपयांचे नाणे निदान वजनाने वेगळे काढता येते. उरलेल्या दोघांना रुंदीही वेगळे करीत नाही, वजनही नाही, धातूही नाही. त्यांच्यात भेद करतो तो केवळ छाप. कॅसल रॉकच्या त्या दोन रुपयांचीच ही गोष्ट आहे. फरक इतकाच की तेथे वजन सारखे म्हणून मोलही सारखे होते; येथे वजन सारखे असूनही मोल दुप्पट आहे.

बँकांनी एक व दोन रुपयांची नाणी तोलून घ्यावीत, शंभराच्या पिशव्या स्वीकाराव्यात, असे रिझर्व्ह बँकेचे मार्गदर्शन आहे. पण तोलण्यापूर्वी निवडावे लागते आणि निवडण्यासाठी पाहावे लागते. छाप वाचणारी, छायाचित्र टिपून नाणे ओळखणारी यंत्रे आता आली आहेत. ती सराफाच्या डोळ्याचीच नक्कल करतात. लहान गावांपर्यंत ती क्वचितच पोहोचतात.

माघ महिन्यात जोयडा तालुक्यातील उळवी येथे चन्नबसवेश्वराची जत्रा भरते. दूरदूरचे भाविक बैलगाड्या जुंपून येतात. अशा कोणत्याही जत्रेनंतर लहान देवस्थानाची दानपेटी उघडली की सतरंजीवर नाण्यांची रास पडते आणि भोवती चार माणसे बसतात. एक निवडतो, दुसरा चळती रचतो, तिसरा मोजतो, चौथा लिहितो. काम संथ असते, पण प्रत्येकाच्या हातावर इतर तिघांची नजर असते. खाचांच्या फळीने जे साधले होते, तेच येथे चार जोडी डोळे साधतात.

आपल्यासारख्या जुन्या वाचनालयांची वर्गणीही एके काळी आण्या-पैशांतच गोळा होत असे. संध्याकाळी चिटणिसांच्या टेबलावर त्या नाण्यांच्या चळती लागत, दुसरा कोणी त्या पुन्हा मोजी आणि मगच रक्कम वहीत चढे. शंभर वर्षांचा ताळेबंद आज जुळतो, तो या दुसऱ्या मोजणीमुळे.