उन्हाळ्यात गायीचं दूध का आटतं?

उन्हाळा आला की डेअरीवर दूध कमी येतं. पण दोष फक्त बाहेरच्या उन्हाचा नाही. गायीच्या पोटातही उष्णता तयार होत असते. कोटीपोटात वैरण आंबून पचते, तेव्हा बरीच उष्णता बाहेर पडते. ती कमी करायला गाय खाणंच कमी करते. चारा कमी, म्हणून दूध कमी.

दुसरा फटका फॅटला. गाय धापा टाकते तेव्हा लाळ गळून वाया जाते. हीच लाळ पोटातलं आम्ल आटोक्यात ठेवते. आम्ल वाढलं आणि रवंथ करणं घटलं की फॅटही कमी लागते. महाराष्ट्रात गायीच्या दुधाचा दर साधारणपणे ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो. म्हणजे लिटर कमी आणि वर दरातही कपात.

एचएफ गाय मूळची थंड युरोपातली. तिला साधारण २५ अंशांपुढेच त्रास सुरू होतो. गीर त्यामानाने तग धरते. हवा दमट असेल तर दोघींचाही त्रास वाढतो.

उपाय काय? सावली, दिवसभर पुढ्यात गार पाणी आणि वैरण पहाटे व रात्री. अंगावर पाणी शिंपडत असाल, तर पंखाही हवाच. वारा नसेल तर गोठ्यात नुसता दमटपणा वाढतो.