लाईट आली की नेट का जायचं?

 

गेल्या आठवड्यात दुकानातली तांब्याची जुनी टेलिफोन लाईन बंद केली. फायबर येऊन दोन वर्षं झाली होती, तरी ती काढवत नव्हती. मोडेम खोक्यात ठेवताना त्याच्या पाठीवर मीच मार्करने लिहिलेले आकडे दिसले. सकाळी ४१, रात्री ९,८००. घरात कोणालाच त्याचा अर्थ कळला नाही. मला कळला, आणि एक जुनी गोष्ट आठवली. ती सांगायची म्हणजे थोडा इतिहास सांगावा लागेल.

एरंडोलला माझं फॉर्म भरायचं आणि झेरॉक्सचं दुकान. सरकारचं ब्रॉडबँड धोरण ऑक्टोबर २००४ मध्ये जाहीर झालं, तेव्हा २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणायचे. आज हसू येतं. माझ्याकडे जोडणी आली ती त्यानंतर तीन-चार वर्षांनी. लोडशेडिंगचे दिवस होते. लाईट गेली की इन्व्हर्टर, आणि लाईट आली की हमखास नेट जायचं! गेल्यावर नाही, आल्यावर. हे कोडं मी दोन वर्षं सोडवलं नाही, फक्त चिडलो.

अशाच एका रात्री ओळखीतली मुलगी वडिलांबरोबर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला आली. शेवटची तारीख. सगळं भरून झालं, शेवटचं बटण दाबलं, आणि लाईट आली. मोडेमचा दिवा लुकलुकायला लागला. मिनिटभराने लाईन परत लागली तेव्हा साईटने आम्हाला बाहेर काढलेलं होतं. पुन्हा आत जाईपर्यंत बारा वाजून गेले. मी त्या बापासमोर फोनवाल्यांना मनसोक्त शिव्या दिल्या. तो बिचारा काहीच बोलला नाही. मुलगी म्हणाली, "असू द्या काका."

आता जरा मागे जाऊ. पार तारेच्या काळात.

१८५५ च्या सुरुवातीला कलकत्ता, आग्रा, मुंबई, मद्रास तारेने जोडले गेले आणि सामान्य माणसाला पैसे भरून तार करता येऊ लागली. १४ जुलै २०१३ च्या रात्री शेवटच्या तारा स्वीकारल्या गेल्या. या दीडशेहून जास्त वर्षांत तारबाबूंची एक सवय टिकली : मजकुरातले आकडे पुन्हा पाठवून ताडून बघायचे. का? 'लग्नाला येतो' मधलं एक अक्षर चुकलं तरी वाचणारा समजून घेतो. पण '१५ तारखेला' चं '१६' झालं तर कोणाला कळणार? आकड्यात फालतू काही नसतं, म्हणून चूक लपते. शुभेच्छांच्या तारा आठवतात का? ठरलेल्या वाक्यांना क्रमांक होते, नुसता क्रमांक पाठवायचा. स्वस्त पडायचं. पण क्रमांक चुकला की नवरा-नवरीला दिवाळीच्या शुभेच्छा!

मजकूर जितका आटवाल तितकी चूक महाग पडते. आणि चूक टाळायची तर जास्तीचं काहीतरी पाठवावं लागतं. जादा पैसे भरून अख्खी तार उलट वाचून ताडून घ्यायचीही सोय होती. इंटरनेटच्या लाईनवर दोनच युक्त्या चालतात, आणि दोन्हीचं मूळ इथे आहे. एक, आधीच थोडं जास्त पाठवायचं, म्हणजे पलीकडचा स्वतः दुरुस्त करेल. दोन, चुकलं तर पुन्हा मागवायचं.

पहिली युक्ती मार्केट यार्डातल्या कोणत्याही अडत्याला समजेल. तीन गाड्या, तीन दिवस, नऊ आकडे. हुशार मुनीम प्रत्येक ओळीची आडवी बेरीज लिहितो आणि प्रत्येक रकान्याची उभी. आता एक आकडा चुकला समजा. एका ओळीची बेरीज दोनने जुळत नाही, एका रकान्याचीही दोननेच. ती ओळ आणि तो रकाना जिथे छेदतात तिथे चूक. कोणाला फोन न करता मुनीम आकडा दुरुस्त करतो. त्यासाठी सहा आकडे जास्त लिहिले, एवढीच किंमत.

मशिनसाठी ही कल्पना पक्की केली अमेरिकेतल्या बेल लॅबच्या रिचर्ड हॅमिंग यांनी. सुट्टीत लावून ठेवलेलं गणित यंत्राला चूक सापडली की अर्धवट थांबायचं. यंत्राला चूक झाल्याचं कळतं, तर कुठे झाली तेही कळायला हवं, असा त्यांचा विचार. १९५० मध्ये त्यांचा निबंध छापून आला. पण एक चूक दुरुस्त करणं सोपं. आठ-आठ चुका दुरुस्त करायच्या तर?

इथे आपली माणसं येतात. राजचंद्र बोस, जन्म १९०१, होशंगाबाद. म्हणजे आपल्या सातपुड्याच्या पलीकडे, नर्मदेकाठी. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत वाढले, १९४९ मध्ये अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाला प्राध्यापक म्हणून गेले. त्यांचे विद्यार्थी शरच्चंद्र शंकर श्रीखंडे. सागरला जन्मलेला, नागपुरात शिकलेला मराठी माणूस. पुढे मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख. ऑयलर या थोर गणितज्ञाने १७८२ मध्ये चौकटी भरण्याच्या एका प्रकाराबद्दल 'हे अशक्य' असा अंदाज केला होता. १९५९ मध्ये बोस, श्रीखंडे आणि पार्कर या तिघांनी तो खोटा पाडला आणि न्यूयॉर्क टाइम्सने पहिल्या पानावर बातमी दिली. आकड्यांच्या चौकटी नीट मांडायच्या, हेच या मंडळींचं काम. त्याच वर्षी बोस-श्रीखंडे जोडीने चूक ओळखणाऱ्या संकेतांच्या रचनेवरही निबंध लिहिला, आणि १९६० मध्ये बोस यांनी द्विजेंद्रकुमार राय-चौधुरी या दुसऱ्या विद्यार्थ्याबरोबर अनेक चुका दुरुस्त करणारे संकेत दिले. फ्रान्सच्या ऑकंगेम यांना ते स्वतंत्रपणे सापडले होते, म्हणून तिघांची आद्याक्षरं घेऊन जग त्यांना बीसीएच म्हणतं. श्रीखंडे सर २०२० मध्ये १०२ व्या वर्षी गेले. आपल्या शाळांमध्ये त्यांचं नाव किती मुलांना माहीत आहे, विचारून बघा.

१९६० मध्येच रीड आणि सॉलोमन या दोन अमेरिकनांनी जो संकेत मांडला तो याच कुळातला. तो सीडीत आहे. आणि भाजीवाल्याच्या गाडीवर जो पैशांचा क्यूआर कोड चिकटवलेला असतो त्यातही आहे. पावसाने कोपरा फाटला तरी स्कॅन होतो ना? तो रीड-सॉलोमन. टेलिफोनच्या तारेवरच्या नेटमध्येही तोच : २५५ बाईटपर्यंतचा एक गठ्ठा, त्यात जास्तीत जास्त १६ बाईट तपासणीचे. सोळा असले तर गठ्ठ्यातले कोणतेही आठ बाईट बिघडले तरी मोडेम जागच्या जागी दुरुस्त करतो. तुम्हाला कळतसुद्धा नाही.

पण आपल्याकडची चूक एकेकटी येत नाही, झुंडीने येते. लाईट येते तेव्हा अख्ख्या गल्लीतले फ्रिज, पंखे आणि बोअरच्या मोटारी एकदम चालू होतात. बोलण्याचा आवाज तारेत साधारण ३,४०० हर्ट्झच्या आत संपतो. नेट त्याच तारेवर दहा-बावीस लाख हर्ट्झपर्यंत पसरलेलं असतं, म्हणजे रेडिओच्या मीडियम वेव्हच्या पट्ट्यात. मोटर चालू झाली की जुना रेडिओ खरखरायचा. तीच खरखर मोडेमला ऐकू येते, आणि त्या क्षणातलं सगळं पुसलं जातं. आठ नाही, शंभर बाईट.

यावरची तोड लग्नपत्रिका वाटण्यासारखी आहे. एका गावच्या सगळ्या पत्रिका एकाच पिशवीत ठेवल्या आणि ती एसटीत राहिली, तर त्या गावातून लग्नाला कोणीच येणार नाही. पण प्रत्येक पिशवीत सगळ्या गावांच्या थोड्या थोड्या ठेवल्या, तर पिशवी हरवून प्रत्येक गावच्या एक-दोनच कमी होतात, बाकीचे भाऊबंद निरोप देतात. मोडेम असंच करतो. गठ्ठ्यांतले बाईट एकमेकांत मिसळून पाठवतो आणि पलीकडे पुन्हा लावतो. झुंडीने आलेली चूक वाटली जाते, प्रत्येक गठ्ठ्याला एक-दोनच. याला इंटरलीव्हिंग म्हणतात. पण सगळ्या पिशव्या येईपर्यंत थांबावं लागतं. प्रत्येक वेळी दहा-वीस मिलिसेकंद उशीर. फॉर्म भरणाऱ्याला काही फरक नाही, गेम खेळणारी पोरं मात्र ओरडतात.

दुसरी युक्ती, पुन्हा मागवणं. तारायंत्र रेडिओवर चालवताना हॉलंडच्या व्हान ड्यूरेन यांनी १९४० च्या दशकात ती यंत्राकडे सोपवली. प्रत्येक अक्षराला सात खुणा, त्यात बरोबर तीन भरलेल्या. चार किंवा दोन आल्या की यंत्र आपणहून म्हणणार, पुन्हा पाठव. इंटरनेटमध्येही हे पहिल्यापासून आहे, पण ते दोन टोकांमध्ये. तुकडा माझ्या दुकानाबाहेरच्या खांबावर हरवला तरी मागणी थेट लांबच्या सर्व्हरपर्यंत जाते. वर तो सर्व्हर समजतो रस्त्यात गर्दी झाली, आणि वेगच कमी करतो. खरखर गल्लीतली, शिक्षा सगळ्या रस्त्याला. म्हणून २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने नियम केला, त्याला जी.आयएनपी म्हणतात. एक्सचेंजमधलं यंत्र नुकत्याच पाठवलेल्या गठ्ठ्यांची प्रत थोडा वेळ जपून ठेवतं. मोडेमने मागितलं की काही मिलिसेकंदांत परत देतं, लांबच्या सर्व्हरला पत्ताही लागत नाही. चूक नसेल तेव्हा जवळपास काही खर्च नाही. मात्र दोन्ही टोकांच्या यंत्रांना ते यायला हवं. माझा मोडेम त्याच्या आधीचा.

आता माझ्याकडे येतो.

त्या रात्रीनंतर काही महिन्यांनी लाईनमन नाना आले. "काय व्हयनं भाऊ?" मी पुन्हा तेच रडगाणं. त्यांनी काहीच न बोलता मोडेमचं आतलं पान उघडलं आणि दोन आकडे दाखवले. एफईसी म्हणजे चूक झाली पण दुरुस्त केली. सीआरसी म्हणजे चूक झाली आणि दुरुस्त होण्यापलीकडे गेली. मोडेमवरचे ते ४१ आणि ९,८०० म्हणजे सीआरसी. मग मोडेम उचलून भिंतीतल्या पहिल्या डबीला सरळ लावला आणि लाईट यायची वाट बघत बसले. लाईट आली. आकडा जेमतेम हलला.

खांबापासून भिंतीपर्यंत लाईन चांगली होती. भिंतीपासून टेबलापर्यंतची वायर मी टाकली होती. पैसे वाचवायला, लाईटच्या वायरीबरोबर एकाच केसिंग पट्टीत, झेरॉक्स मशिन आणि इन्व्हर्टरच्या मागून. मोडेम बिचारा दोन वर्षं रोज हजारो चुका दुरुस्त करून माझं काम झाकत होता, आणि पेलेनासं झालं की लाईन सोडून देत होता. नानांनी चाळीस रुपयांची वेगळी वायर टाकली. काम संपलं.

मुलीच्या वडिलांना मी हे पुढच्या आठवड्यात जाऊन सांगितलं. सोपं नव्हतं. त्यांनी पाणी दिलं आणि एवढंच विचारलं, "म्हणजे आधी बघता आलं असतं?" हो. दोन मिनिटांत बघता आलं असतं.

३१ जानेवारी २०२० ला बीएसएनएलचे सुमारे ७८ हजार कर्मचारी एकाच दिवशी स्वेच्छानिवृत्त झाले. पगाराचा बोजा, तोटा, सगळं खरं असेल. पण आकडा वाचून भिंतीपर्यंत चालत येणारी किती माणसं त्या दिवशी गेली, त्याचा हिशेब कोणत्या ताळेबंदात नाही. आणि फायबर आलं म्हणून हे संपलं असंही नाही. घरोघरच्या फायबरच्या एका मुख्य पद्धतीत दुरुस्तीची जी सोय आहे तिथेही तोच रीड-सॉलोमन, तोच २५५ चा गठ्ठा, त्यात १६ तपासणीचे. जाहिरातीत मात्र फक्त वेग.

ज्यांच्याकडे अजून तांब्याची लाईन आहे, शेतावर, वाडीवर, त्यांनी तक्रार करण्याआधी मोडेमचं ते पान उघडून सीआरसीचा आकडा लिहून ठेवा. एकदा सकाळी, एकदा लाईट आल्यावर. मग मोडेम पहिल्या डबीला लावून पुन्हा तेच. दुसऱ्या वेळी आकडा तसाच चढला तर दोष बाहेरचा, वही घेऊन तक्रार करा. नाही चढला तर माझ्याकडे या. वेगळी वायर टाकायला मी शिकलोय, पैसे घेणार नाही.