सरदार

आजी सांगायची, आपला मूळपुरुष सरदार होता. साताऱ्याकडचा. सत्तावन्नच्या बंडात त्याने एका गोऱ्याला लोळवलं आणि रातोरात जहाज गाठलं. थोरले काका हे ऐकून हसायचे. कसला सरदार? मुंबईच्या धक्क्यावर कुणीतरी कानात सांगितलं, मॉरिशसात दगड उलटला की खाली सोनं सापडतं, आणि गेला बापडा.

एकाच माणसाचे हे दोन जन्म ऐकत तुम्ही मॉरिशसातल्या व्हाकोआत वाढलात. तुमचं आडनाव रत्नागिरीत कुणाला सांगितलं तर तो पुन्हा विचारेल. खरं तर ते आडनावच नाही. कुण्या आजोबाचं पाळण्यातलं नाव मुलाच्या नोंदीत बापाचं नाव म्हणून चढलं, पुढे तेच चिकटलं, आणि लिहिणाऱ्याचा कान फ्रेंच असल्याने दर कागदावर त्याचा आकार बदलला. न बदललेली गोष्ट एकच, मूळपुरुषाचा सहा आकडी क्रमांक. पोराच्या जन्मनोंदीतही तो आहे.

तो क्रमांक घेऊन तुम्ही मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आला आहात. मॉरिशसात आलेल्या मजुरांचं रजिस्टर उघडतं. शाई तपकिरी झाली आहे. ओळ एकच: नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, अंगावरच्या खुणा, जिल्हा, जहाज, मळा. साल १८५३. म्हणजे आजीच्या बंडाला अजून चार वर्षं आहेत. वय ३०. त्यावर फार विसंबू नका, जन्मतारीख कुणाला ठाऊक होती? कारकुनाने तोंडाकडे बघून गोल आकडा टाकला असेल. खुणांच्या रकान्यात डाव्या भुवईवरचा वण लिहिलाय. बोट तिथेच ठेवा.

मळ्यावरची पहाट आहे. उसाच्या पात्यांवरून दव खाली ठिबकतंय. छपरांच्या रांगेपुढे चाळीसेक माणसं कुडकुडत उभी आहेत, हातात कोयते. १८३५ साली इथली गुलामी कायद्याने संपली, पण मळे काही संपले नाहीत. त्या रिकाम्या जागी ही माणसं आली. करार ठरलेल्या मुदतीचा, महिना ५ रुपये, वर तांदूळ, डाळ, मीठ. एक खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापायची. बेट १८१० पासून इंग्रजांचं, मालक मात्र अजून फ्रेंचमध्येच ओरडतो. मराठी माणसाला इथे ‘बोंबाय’ म्हणतात. ज्या बंदरातून आलास, तीच तुझी जात.

तेवढ्यात एकजण काठी टेकत रांगेपुढे येतो. डाव्या भुवईवर वण. तो हाजरी घेतो, एकाला शिवी घालतो, दुसऱ्याला बाजूला घेऊन कालच्या उसन्याचं विचारतो. मागून कुणीतरी हळूच म्हणतं, “सरदार आला रे.”

आजी खोटं बोलत नव्हती. मळ्यावरच्या टोळीच्या मुकादमाला सरदारच म्हणत. हाजरी त्याच्या हातात, उसनवारी त्याच्याकडून, आणि मालकाने धाडलं तर मुलखात परत जाऊन नवी माणसं आणायची तीही त्यानेच. शब्द घरात जसाच्या तसा उरला. त्याला घोडा, तलवार आणि सातारा पुढच्या पिढ्यांनी जोडला. मला तर वाटतं, काकांची गोष्टही याच माणसाची आहे. दगडाखालच्या सोन्यावर भुलून आलेला हाच, आणि पुढे गावाकडच्यांना तेच सोनं सांगणाराही कदाचित हाच. आजीला हे सांगायला मी धजलो नसतो.

आता १८६८. आदल्याच वर्षी कायदा झालाय: करार संपलेल्या प्रत्येक जुन्या मजुराने फोटो लावलेला पास जवळ बाळगायचा, नाहीतर वाटेत पोलीस धरणार. म्हणून सरदारही कॅमेऱ्यापुढे बसला आहे. अंगात कुणाचातरी कोट, बाह्या आखूड. पंधरा वर्षं बेटावर काढली, टोळी हाताखाली आली, तरी वाटेत अडवलं तर खिशातला कागद दाखवायलाच हवा. तो डोळा मिटत नाही. तुमचे कान त्याच्यासारखेच पुढे आलेले आहेत, हे मात्र कुठल्याच रकान्यात नाही.

राहिलं गाव. रजिस्टरात नुसतं रत्नागिरी आहे आणि जिल्हा केवढा लांबलचक! त्यासाठी पुन्हा मागे, १८५३च्या पोर्ट लुई बंदरात चला. धक्क्याच्या सोळा पायऱ्या. २००६ पासून हा आप्रवासी घाट जागतिक वारसा आहे, पण आज त्या नुसत्या ओल्या, निसरड्या पायऱ्या आहेत. वर चढणारा एकजण दुसऱ्याला म्हणतो, “जमीन डुलतेय रे.” काखेत कांबळं, हातात लोटा. भुवईवरचा वण अजून लालसर आहे.

टेबलाशी कारकून काहीतरी विचारतो. दुभाषा ओरडतो, “गाव?” तो सांगतो. तुम्ही पुढे वाकता, पण त्याच वेळी मागे कुणीतरी पेटी आपटतं आणि कानावर पडतं ते फक्त शेवटचं, “…वाडी.” दुभाषा हात झटकून म्हणतो, “रत्नागिरी लिहा.”