आगबोटीवरचे रामदास

समर्थ रामदासांचा जन्म १६०८ सालचा, जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात असलेल्या जांब या गावचा. समुद्र तेथून शेकडो मैल दूर. तरी कोकणच्या जुन्या पिढीला 'रामदास' म्हटले की आधी आठवे ती आगबोट. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ही बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसे बुडाली.

बोटीला संताचे नाव देण्यामागे भक्तीइतकाच व्यवहारही होता. गोऱ्यांच्या कंपनीचा उतारू आपल्याकडे वळावा म्हणून स्वदेशीच्या वाऱ्यात उभ्या राहिलेल्या सहकारी कंपनीने आपल्या बोटींना संतांची आणि देवांची नावे दिली. लोक तिला 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. त्या 'माझी'त बरेच काही आहे. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण असे थांबे घेत बोट जाई. बहुतेक ठिकाणी ती खोल पाण्यात नांगर टाकी, आणि डोक्यावर ट्रंक घेतलेली माणसे पडावातून तिच्याकडे जात. शिमग्याला गिरणीतला कामगार गावी येई तो असाच. मात्र या आठवणींनी आम्ही हळवे होऊ नये. ही बोट कोकणला वाढवत नव्हती; ती कोकणची माणसे मुंबईला नेत होती.

आजची पर्यटक जहाजे उलट्या दिशेने येतात, माणसे किनाऱ्यावर आणतात. मेक्सिकोच्या कॅरिबियन किनाऱ्यावरील माहाउआल हे कोळ्यांचे खेडे २००१ मध्ये बांधलेल्या धक्क्याने पालटले. ऑगस्ट २००७ च्या 'डीन' वादळाने धक्का मोडला, तेव्हा गावाचे उत्पन्नही थांबले. जहाजे २००८ मध्ये परतली. उतारू सकाळी उतरतो, बंदराच्या आवारातील दुकानांतच बहुधा रमतो आणि संध्याकाळी निघून जातो.

आपल्याकडे २०१८ मध्ये 'आंग्रिया' मुंबई-गोवा मार्गावर आली. दुपारी मुंबई सोडून सकाळी गोवा. मधली सारी बंदरे रात्रीच मागे पडत! आंग्र्यांचे नाव मिरवणाऱ्या जहाजातून विजयदुर्ग दिसू नये, हा विनोद आम्हांस कडवट वाटतो. ती सेवा फार टिकली नाही.

२०२४ मध्ये राज्य सरकारने रत्नागिरीच्या भगवती बंदरात पर्यटक जहाजांसाठी टर्मिनल उभारण्यास मान्यता दिली. तेथे उतरणारा प्रवासी धक्क्याच्या फाटकाबाहेर किती पडेल, आणि पूर्वी पडाव हाकणाऱ्यांच्या नातवंडांच्या वाट्याला फाटकाच्या आत काय काम येईल, हे त्या बांधकामाच्या आराखड्यावर ठरेल. तो आराखडा बंदरातल्या लोकांपुढे अजून मांडता येईल.