पावामुळे आजारी पडणारी मुले

सप्टेंबर १९४४. डच रेल्वे कामगारांनी संप पुकारला आणि त्याचा सूड म्हणून जर्मनांनी पश्चिम नेदरलँड्सकडे जाणारे अन्नधान्य अडवले. त्या हिवाळ्यात लोकांनी साखरबीट आणि ट्यूलिपचे कंद शिजवून खाल्ले. सुमारे २० हजार माणसे मृत्युमुखी पडली.

हेग शहरातील युलियाना बालरुग्णालयात त्या काळी सिलिॲकची मुले उपचार घेत होती: पोट फुगलेले, हातपाय काडीसारखे, शौचास पांढुरके आणि तेलकट. प्रचलित कथा अशी की, दुष्काळात ही मुले सुधारली, पाव मिळू लागताच पुन्हा खालावली आणि डॉ. विलेम डिके यांना कोडे उलगडले. कथा मोहक आहे. पण तिच्यातील क्रम चुकीचा आहे. डिके यांना गव्हाचा संशय युद्धापूर्वीच आला होता आणि गहू वर्ज्य करणाऱ्या आहारावरील त्यांचा लेख १९४१ मध्येच प्रसिद्ध झाला होता. दुष्काळाने तो संशय बळावला, इतकेच.

हा रोग उपचाराने बरा व्हायचा तर तो आहारानेच होईल, असे लंडनच्या सॅम्युएल गी यांनी १८८८ मध्येच लिहिले होते. तो कोणत्याही वयात होतो, हेही त्यांनी नोंदवले होते. पुढे १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी मुलांना केळी देऊन बरे केले. त्यांनी पावही बंद केला होता. श्रेय मात्र केळ्याला दिले!

पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. उट्रेख्टचे रसायनतज्ज्ञ व्हान डी कामर यांनी विष्ठेतील स्निग्धांश मोजण्याची सुटसुटीत पद्धत १९४९ मध्ये प्रसिद्ध केली. बालरोगतज्ज्ञ वायर्स त्यांच्या सोबतीला होते. आता अपचन आकड्यांत दिसू लागले. मुलांच्या आहारात गहू घालायचा, काढायचा, पुन्हा घालायचा आणि दर वेळी स्निग्धांश मोजायचा. बऱ्या होत असलेल्या मुलाला मुद्दाम गहू देणे आजच्या नीतिनियमांत कितपत बसले असते, ही शंका रास्तच. पण गहू आणि राय ही धान्ये दोषी ठरली ती याच मोजमापाने. १९५० मध्ये डिके यांचा प्रबंध आला. दोन वर्षांनी बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी गव्हातील नेमका घटक दाखवला: ग्लुटेन.

प्रौढांचे काय? १९५४ मध्ये इंग्लंडमधील पॉली यांनी अशाच लक्षणांच्या प्रौढ रुग्णांच्या आतड्याचे नमुने शस्त्रक्रियेच्या वेळी घेतले. आतड्याचे अस्तर विकृत झालेले होते. पुढे मुलांच्या आतड्यातही तीच विकृती आढळली आणि वेगळे मानलेले दोन रोग एकच ठरले.

तरी शरीर स्वतःवरच का उलटते, हे अंधारातच होते. १९९७ मध्ये बर्लिनच्या संशोधकांना रुग्णांच्या रक्तातील प्रतिपिंडांचे लक्ष्य सापडले. ते गव्हातील काही नव्हते, तर शरीराचेच टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज नावाचे विकर होते.