चार दिवसांची वायर

आमचे अब्बा वायरमन होते. १९८० च्या सुमारास, शाळेला सुट्टी लागली की मी त्यांच्याबरोबर कामावर जायचो. माझं काम क्लिपा मोजून देण्याचं. भिंतीवर सागवानी पट्टी ठोकायची, तिच्यावर बारीक चुकांनी क्लिपा मारायच्या आणि त्यात वायर बसवायची. आडव्या पट्टीवर दर दहा सेंटिमीटरला एक क्लिप, उभ्या पट्टीवर पंधराला. अब्बांकडे टेप नसायची, अर्धी वीत पुरायची.

त्यांच्या पेटीत दोन जातींच्या वायरी असत. एक कडक : 'एक-अठरा' किंवा 'तीन-बावीस'. दुसरी मऊ, पिळाची : 'चौदा-छत्तीस'. या नावांतला पहिला आकडा तारांच्या संख्येचा आणि दुसरा गेजचा. गेज वाढला की तार बारीक. छत्तीस गेजची तार म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम पाचवा भाग. अशा चौदा तारा एकत्र, म्हणून ती वायर कशीही वळते. अब्बा म्हणत, ''जे हलतं त्याला मऊ, जे हलत नाही त्याला कडक.'' छतातून लोंबणारा दिवा, टेबलफॅन, इस्त्री यांना मऊ. भिंतीला कधीही नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, ''मिस्त्री, पट्टी कशाला? चार खिळे मारा आणि फ्लेक्सिबल ओढा.'' अब्बा पेटी उचलून चालू लागत. अशी किती कामं गेली, ते अम्मीला ठाऊक.

पुढे वाचनाचा नाद लागल्यावर कळलं, की अब्बांचा हा कायदा त्यांच्या जन्माआधीचा आहे. घरात विजेचे दिवे येऊ लागले तेव्हा लोकांना धास्ती होती ती आगीची. लंडनच्या तार आणि वीज अभियंत्यांच्या संस्थेने १८८२ साली पहिले नियम काढले, ते विजेच्या दिव्यांमुळे आग लागू नये म्हणूनच. तारा लाकडी केसिंगच्या दोन खोबणींतून नेत आणि वर झाकणपट्टी मारत. पण दिवा छतातून लोंबवायचा, तर तिथे लाकूड कसं चालणार? तिथे बारीक तारांची, सुती किंवा रेशमी वेष्टणाची पिळाची दोरी आली. ती दिसायला इतकी देखणी की लोकांनी तिला भिंतीवरही चढवलं. इटली-स्पेनमधल्या जुन्या घरांत चिनी मातीच्या छोट्या गोट्यांवरून ती आढ्यापर्यंत गेलेली असे. हौशी लोक आज तशीच नवी करून लावतात. अमेरिकेची वीज-संहिता १८९७ ची. तिच्या आजच्या आवृत्तीतही, कायमच्या वायरिंगच्या जागी मऊ दोरी वापरू नये, ती भिंतीच्या भोकातून किंवा दार-खिडकीतून नेऊ नये, असं स्पष्ट म्हटलं आहे.

आपल्याकडे कोलकात्याला १८९९ मध्ये आणि मुंबईला १९०५ मध्ये वीज मिळू लागली. आधी लाकडी केसिंग, मग सागवानी पट्टीवर रबरी आवरणाची वायर. तिला इंग्रज कारागीर 'कॅब टायर' म्हणत, कारण ते रबर घोडागाडीच्या चाकाच्या धावेसारखं चिवट. रबर मागे पडून पीव्हीसी आलं. १९५६ च्या नियमांनी घरातलं वायरिंग परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घेण्याचं बंधन घातलं. पण घरं बांधताना धरलेले पॉइंट तीन-चार, आणि वस्तू वाढतच गेल्या. १९८२ च्या एशियाडबरोबर रंगीत टीव्ही आला. त्याला जागा कोपऱ्यात, प्लग दाराशी. मधलं अंतर मऊ वायरीने भरून काढलं. ते अजून तसंच भरलेलं असतं.

इथे एक खुलासा करतो. आज घरोघरी पाइपातून जी वायर ओढतात, तीही अनेक बारीक तारांची, मऊच असते. ती चालते, कारण तिची जाडी भाराला पुरेशी असते आणि तिला पाइपाचं संरक्षण असतं. दोष मऊपणाचा नाही. उघडी, बारीक वायर खिळ्याने भिंतीला जखडली जाते, हा दोष.

१९८६ मध्ये दादीला अर्धांगाचा झटका आला. तिची खाट खिडकीशी हलवली. उन्हाळा होता, पंखा हवा होता. अब्बांनी चौदा-छत्तीस काढली, दाराच्या चौकटीवरून नेली आणि चुका मारल्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. ''चार दिवसांपुरती,'' ते म्हणाले. दादी दोन वर्षांनी गेली. वायर राहिली. पुढे तिच्यावर टीव्ही आला, मिक्सर आला. दर रंगाला तिच्यावरूनही ब्रश फिरला.

२००३ च्या रमजान ईदची चांदरात, नोव्हेंबरचा महिना. त्या वायरीवर बहिणीने इस्त्री लावली, आणि बादलीत पाण्याचा हीटर सोडला. साडेसातशे वॅट आणि हजार वॅट, मिळून साडेसात अँपिअरच्या वर. चौदा-छत्तीस पेलते तीन. मेनचा फ्यूज पाच अँपिअरचा होता, पण फ्यूजची तार आपल्या आकड्याच्या जवळपास दुप्पट प्रवाहाला वितळते. म्हणजे फ्यूज शाबूत, आणि वितळत होती ती वायर. चौकटीजवळ पडद्याने पेट घेतला. पडदा ओढताना बहिणीचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. ईदचे कपडे दवाखान्याच्या बाकावर बसूनच विरले.

पहाटे परतल्यावर अब्बांनी मेन बंद केला, चष्मा लावला आणि स्टुलावर चढले. चौकटीच्या वळणावर, चुकेखाली, वायर जळून उघडी पडली होती. त्यांनी तारा नखाने वेगळ्या करून मोजल्या. नऊ तारा आधीपासूनच तुटलेल्या होत्या, त्यांची टोकं हिरवी पडली होती. सगळा भार उरलेल्या पाचांवर होता.

''पाच,'' ते म्हणाले. मग स्टुलावरून न उतरताच त्यांनी माझ्याकडे पक्कड मागितली आणि एकेक चूक उपटून माझ्या हातात द्यायला सुरुवात केली.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)